हिरामणने बंद केलेली खिडकी

हिरामणदादाच्या हातून सीलंटचा एक थेंबही इकडेतिकडे सांडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या मंगळवारी मात्र आमच्या बाथरूमच्या फरशीवर त्याच्या गनमधून पांढऱ्या सिलिकॉनची अळी पडत राहिली, लांब होत गेली, आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीवरच्या गिझरकडे बघत होता.

“केतन, ह्यो गॅसचा हाय?”

“हो. मागच्या महिन्यातच बसवला.”

“आनि हा पिवळ्या मुठीचा पाइप? ह्यो पन गॅसचा?”

“हो. मूठ आडवी केली की गॅस बंद.”

त्याने गन खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटलीच.

“असल्याच पाइपाभोवती काल मी सीलंट भरलं. ऐरोलीला. मला वाटलं, पान्याचा असंल.”

“मग? पाइपाभोवती भरलं तर काय बिघडतं?”

“खिडकी पन बंद केली, केतन.”

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे, साइटवर काम करतो. एवढं ऐकल्यावर मला पुढचं सगळं समजलं, आणि नसतं समजलं तर बरं झालं असतं असं वाटलं. गॅसचा गिझर आत ज्योत पेटवून पाणी तापवतो. ज्योतीला हवा लागते. खोली बंद असली की हवा कमी पडते, ज्योत नीट जळत नाही आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्या माणसाला आधी गरगरतं, मग तो खाली बसतो, आणि मग उठत नाही. म्हणून अशा बाथरूममध्ये हवेला वाट ठेवायचीच असते.

“एक्झॉस्ट फॅन असेल ना?”

“बंद पडलेला होता. काढला नि भोक बुजवलं.”

“दाराखालची फट?”

“रबराची पट्टी लावली.”

“सगळं?”

“सगळं,” तो म्हणाला. “बाय बोलली, डब्यासारखं बंद पायजे. मी डब्यासारखं बंद केलं.”

मोबाइलवर दहा अडतीस झाले होते. त्यानेही तिकडे पाहिलं.

“अकराला ती अंघोळीला जानार.”

“तुला काय माहीत?”

“मीच सांगितलं तिला.”

त्याने असं सांगितलं म्हणजे ती अकरालाच जाणार, एवढं मलाही कळत होतं. कारण हिरामणदादाचं चोवीस तासांचं प्रकरण सगळ्या नेरूळला ठाऊक होतं.

हिरामण नेरूळच्याच सारसोळ्याचा कोळी. वय अठ्ठेचाळीस, अंगाने वाळक्या बोंबलासारखा, हात मात्र लांब. वडिलांची होडी होती. खाडीत मासळी कमी होत गेली तशी ती किनाऱ्यावरच पडून राहू लागली, आणि विशीतला हिरामण एका काच बसवणाऱ्याच्या हाताखाली लागला. काचा कापण्यात त्याचा जीव रमला नाही. रमला तो शेवटच्या कामात, काच आणि चौकट यांच्यामधल्या रेषेत. पुढे त्याने फक्त तेवढंच काम धरलं. बाथरूमचे कोपरे, ओट्याची मागची बाजू, बेसिनची कड, खिडक्यांच्या चौकटी. लोक हसायचे. नुसतं सिलिकॉन भरायला वेगळा माणूस कशाला, गवंडी देतो की थापून.

गवंडी थापतो हे खरंच. पण हिरामणचं काम पाहिलं की फरक कळायचा. आधी तो जुनं सीलंट मुळापासून खरवडून काढायचा, कारण जुन्यावर नवं धरत नाही. मग फडक्याने पुसून, पंख्याने वाळवून, सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायचा. ट्यूबचं टोक तिरकं कापायचा, सांध्याच्या रुंदीएवढंच. मग श्वास धरून, एका दमात, गन ओढत न्यायची. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून एकदाच फिरवायचं, आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढायची. उरायची ती एक रेघ. तिला कुठे जोड दिसायचा नाही.

आणि मग घरातल्या माणसांना समोर उभं करून तो सांगायचा, “चोवीस तास पानी लावायचं नाय. चोवीस तास म्हंजे चोवीस. तेवीस नाय.” जुईनगरला एका गृहस्थाने चार तासांत शॉवर सोडला, तेव्हापासून तो त्या बिल्डिंगची पायरी चढला नाही.

ऐरोलीच्या मालतीबाई त्याला भेटल्या आणि दोघांचं जमलंच. पोस्टात तीस वर्षं काढलेली बाई, वय सदुसष्ट, मुलीबरोबर राहणारी. मुलगी निशिगंधा तिथल्याच एका आयटी पार्कात कामाला. घर पहिल्या मजल्यावर, अंघोळीची खोली एकच, तिची खिडकी मागच्या बाजूला उघडणारी, आडव्या काचांची. त्या काचांच्या फटींतून कबुतरांची पिसं आत यायची, झुरळं यायची. बाई वैतागल्या होत्या. त्यांनी हिरामणला अर्धा डझन भोकं दाखवली आणि म्हणाल्या, एकही राहता कामा नये. सिलिकॉन उडेल म्हणून गिझरवर त्यांनी आधीच जुनी चादर टाकून ठेवली होती. खाली चौकोनी डबा आहे एवढंच त्याला दिसलं. बहुतेक घरांत विजेचा असतो, तसाच असेल. त्याने टाइलचा रंग विचारला, ओल कुठून येते विचारलं, कबुतरं कुठे बसतात तेही विचारलं. गिझर कसला ते विचारलं नाही.

सोमवारी सकाळी अकराला त्याने शेवटची टेप काढली. मालतीबाई चष्मा लावून रेघेला नाक लावायच्या बेतात होत्या.

“हिरामण, किती सुबक रे! आमच्या पोस्टातल्या शिक्क्यालासुद्धा एवढी सरळ कड नव्हती.”

“उद्या अकरापर्यंत पानी नाय लावायचं, बाय.”

“अकरा म्हणजे अकरा. उद्या माझा डोक्यावरून न्हायचा वार आहे, तरी अकरापर्यंत थांबेन. पूजा खोळंबली तर खोळंबू दे. देव काही पळून जात नाही.”

हे सगळं हिरामणने मला बाइकवर बसून, माझ्या कानात ओरडत सांगितलं. आम्ही तोवर उरण फाटा ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो होतो.

त्याच्याकडे नंबर होता तो फक्त निशिगंधाचा. मागे बसून हिरामण तोच लावत होता. रिंग पूर्ण वाजून बंद पडायची की पुन्हा लावायचा.

“उचलत नाय.”

“व्हॉट्सॅप कर. बोलून पाठव.”

माझ्या हेल्मेटच्या मागे त्याचा आवाज आला, एकदम बदललेला, पाहुण्याशी बोलावं तसा. “निशिगंधा मॅडम, मी हिरामण, कालचा सीलंटवाला. तुमच्या आईला अंघोळीला जाऊ देऊ नका. खिडकी बंद हाय. म्हंजे मीच बंद केली. गिझर लावू देऊ नका. ऐकल्याबरोबर फोन करा.” मग माझ्या पाठीवर थाप पडली. “एकच बरोबरची खूण आली. नेट नसंल तिच्याकडं.”

“आईचा नंबर?”

“नाय.”

“सोसायटीचा?”

“अरे, मी कोन, सेक्रेटरी? नाय ना!”

तुर्भ्याला सिग्नल लागला. समोर कंटेनरची रांग. दहा बावन्न. मी दोन ट्रकांच्या मधून बाइक घातली, आरसा कशाला तरी घासला, मागून कोणीतरी आईवरून शिवी दिली. हिरामणने उलटून शिवी दिली नाही, तेव्हा मला त्याची जास्त भीती वाटली.

कोपरखैरणे गेलं. घणसोली गेली. तो एकटाच बोलत होता.

“थंड पान्याने करंल का? नाय, न्हायाचं हाय, गरमच घेनार. डोक्यावरून घ्यायला येळ लागतो ना? म्हातारी मानसं हळू करतात. केतन, किती मिन्टं लागतात?”

“कशाला?”

“तुला माहीत हाय कशाला.”

“दहा. पंधरा. खोलीवर असतं. किती मोठी आहे?”

“पाच बाय चार.”

मी बाइकचा वेग वाढवला. रबाळ्याला अकरा वाजले. 

ऐरोलीत सोसायटीच्या गेटवर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. वॉचमन नवा होता, कालचा नव्हता. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं सयाजी. हातात सोसायटीचा मोबाइल.

“कुनाकडं?”

“एकशे तीन. लवकर सोड.”

“अ‍ॅपवर टाकतो. मॅडमनी होय म्हनलं की जावा.”

“मॅडम हापिसात हाय, ती उचलत नाय! इंटरकॉम लाव.”

त्याने लावला. वाजत राहिला. “आजी वर हायत, पर उचलंनात.”

“उचलनार कशी? ती बाथरूममधी हाय!”

“मग न्हाऊन आल्या की उचलतील की. बसा तिथं बाकड्यावर.”

हिरामणने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं समोरच्या माणसाला माणसाची भाषाच येत नाही. मग तो गेटच्या आडव्या दांड्याखालून वाकून पळाला. सयाजी “ओ, ओ!” करत त्याच्या मागे, आणि मी बाइक तशीच आडवी टाकून दोघांच्या मागे.

जिन्यात हिरामणने मला वर ढकललं. “तू बेल दाब. मी बाहेरून बघतो.” तळमजला आणि पहिला मजला यांच्यामधल्या वळणावर जिन्याची खिडकी होती. तिच्याखालून मागच्या भिंतीला धरून छज्जा गेला होता. काल खिडकीच्या आडव्या काचा काढून त्या जागी अ‍ॅक्रिलिकचा पांढरा पत्रा त्याने त्याच छज्ज्यावर उभं राहून बाहेरून बसवला होता.

मी एकशे तीनची बेल दाबली. दाबूनच ठेवली. आतून पाण्याचा आवाज येत होता. बादली केव्हाच भरून वाहत असावी असा, एकसारखा. “मालतीबाई! पाणी बंद करा! बाहेर या!” दार लोखंडी, कुलूप आतून. समोरच्या एकशे चारचं दार उघडलं आणि एक ठेंगणी बाई लाटणं हातात घेऊन बाहेर आली.

“काय चाललंय? कोण तुम्ही?”

“आत गॅस झालाय. तुमच्याकडे यांची किल्ली आहे का?”

“असते. पण परवा निशिगंधानं नेली, तिची हरवली म्हणून.” मग तिने पाण्याचा आवाज ऐकला आणि तिचा चेहरा उतरला. “मालतीताई बादली कधी वाहू देत नाहीत हो. थेंब मोजतात.”

खाली सयाजी ओरडत होता. मी जिन्याच्या वळणावर परत धावलो. हिरामण खिडकीतून अर्धा बाहेर होता आणि सयाजीने त्याचा शर्ट मागून धरला होता.

“सोड त्याला! आत आजी बेशुद्ध आहेत!”

“आं?”

“सयाजी, आजी मरतील!”

सयाजीने शर्ट सोडला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने हिरामणचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, तो पडू नये म्हणून. हिरामण छज्ज्यावर उतरेपर्यंत त्याने तो धरून ठेवला.

छज्जा दीड वीत रुंद, कबुतरांच्या विष्ठेने निसरडा. हिरामण भिंतीला गाल लावून सरकत खिडकीपाशी गेला. खिशातून कटर काढला आणि पात वरच्या कोपऱ्यात घुसवली.

ते निघेना.

चोवीस तासांत सिलिकॉन रबरासारखं होतं, आणि हे बाहेरचं काम म्हणून त्याने दुहेरी भरलं होतं. पात आत जायची, सिलिकॉन ताणलं जायचं, आणि पात बाहेर काढली की चीर पुन्हा मिटायची. बाकीच्यांचं सीलंट वर्षभरात बोटाने निघतं. त्याच्या दोन हातांनी काल जे केलं होतं ते आज त्याच दोन हातांना दाद देत नव्हतं. त्याने कोपराने पत्रा ठोकला. पत्रा वाकला, परत जागेवर आला. अ‍ॅक्रिलिक काचेसारखं फुटत नाही.

“कडेने काप!” मी ओरडलो. “काटकोनात नको, आडवी धर!”

“मला शिकवू नको!” तो ओरडला. पण पात आडवी धरली.

वरची बाजू सुटली. डावी सुटली. पातीचं टोक तुटून खाली पडलं, त्याने अंगठ्याने पुढचा तुकडा सरकवला. उजवी बाजू. अंगठा कापला होता, पांढऱ्या पत्र्यावर लाल बोटं उमटत होती. मग त्याने कटर टाकला, वरच्या चिरेत दोन्ही हातांची बोटं घातली, आणि मागे रेलला. मागे काही नव्हतं. हवा होती आणि खाली पार्किंग. सयाजी माझ्या शेजारून उगाच हात लांब करत होता, त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

पत्रा खालच्या कडेवर उलटा दुमडला आणि वाफेचा लोट बाहेर आला.

हिरामणने तोंड बाजूला केलं, श्वास धरला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पाइप खिडकीच्या डाव्या अंगाला होता, काल त्यानेच त्याच्याभोवती गोल फिरवलं होतं. त्याला शोधावं लागलं नाही; त्याने पिवळी मूठ आडवी केली. आतला धगधग आवाज एकदम थांबला. पाणी मात्र वाहतच राहिलं. मग तो डोकं घालून त्या भोकातून आत गेला. पाय हलले, दिसेनासे झाले, धप्प आवाज आला.

मी वर धावलो. दारापाशी उभं राहून मोजत होतो, का ते माहीत नाही. चौदा मोजले. पंधरा मोजायच्या आत कुलूप खटकलं आणि दार उघडलं.

मालतीबाई बाथरूमच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान एका बाजूला, हातात तांब्या तसाच. हिरामणने दांडीवरचं पातळ ओढून त्यांच्या अंगावर टाकलं होतं आणि स्वतः तोंड भिंतीकडे करून उभा होता. “बाईमानसाला बोलवा,” तो खोकत म्हणाला. “आधी बाईमानसाला बोलवा.” एकशे चारची बाई, तिचं नाव वेणूबाई, तिला बोलवावं लागलं नाही. ती मला बाजूला सारून आत गेली. आम्ही सगळ्यांनी मिळून मालतीबाईंना पातळात गुंडाळून गॅलरीत आणलं. मी अँब्युलन्सला फोन केला. सयाजी कुठूनसा पुठ्ठा आणून वारा घालत होता आणि मध्येच म्हणत होता, “मी अडवलं हो. मीच अडवलं.”

त्यांच्या छातीची हालचाल दिसत होती. अगदी थोडी. मग त्या ओकल्या, आणि ती ओकारी पाहून वेणूबाई मोठ्याने रडायला लागल्या.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. दुपारी दोनला निशिगंधा जिन्यातून पळत वर आली. मीटिंगमधून बाहेर आल्यावर फोनवर तिला हिरामणचे सोळा मिस्ड कॉल दिसले होते. डॉक्टरने तिला सांगितलं, डोकं दोन-तीन दिवस दुखेल, बाकी धोका टळला, आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी हे सांगायला नसतो आलो. ती बाहेर आली आणि हिरामणसमोर उभी राहिली. तो अंगठ्याला फडकं गुंडाळून बाकड्यावर बसला होता. उठून उभा राहिला.

“तुम्हाला कळायला नको होतं?” ती म्हणाली. “आमचं सोडा, आम्हाला काय कळतंय. तुमचं काम आहे ना हे?”

मी मध्ये बोलायला गेलो. चादर टाकलेली होती, तुमच्या आईनेच सगळं बंद करायला सांगितलं, असं काहीतरी. हिरामणने मला हाताने थांबवलं.

“कळायलाच पायजे होतं, मॅडम.”

तिला त्याच्याकडून भांडण हवं होतं. ते मिळालं नाही, तेव्हा ती तिथेच बाकड्यावर बसली आणि तिने चेहरा ओढणीत घातला. तो उभाच राहिला, नर्सने सरका म्हणेपर्यंत.

संध्याकाळी मालतीबाईंनी त्याला आत बोलावलं. मास्कच्या आतून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं.

“बोलली, अकराच्या आधी नव्हते हो गेले.” तो जिन्याकडे चालू लागला. “तिला वाटतं, तिचं काय तरी चुकलं.”

आम्ही नेरूळला परत आलो. सारसोळ्याच्या जेट्टीपाशी मी त्याला सोडलं. त्याची बायको रंजिता दारात उभी होती. अंगठा बघून तिने काही विचारलं, त्याने चार्जर मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं अर्धं राहिलेलं बाथरूम पुरं करायला तो आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. फोन चार्जरला लावलेला, तारेच्या लांबीएवढाच कानाजवळ. त्याच्याकडे गिऱ्हाइकांची नावं नव्हती, खुणा होत्या. ‘वाशी हिरवी टाइल.’ ‘सानपाडा रडका पोर.’ ‘बेलापूर वरचा मजला कुत्रा.’ अठरा-वीस वर्षांत जिथे जिथे त्याने बाथरूम भरलं होतं, त्या सगळ्या.

“कालपासून हेच चाललंय,” रंजिता चहा देत मला म्हणाली. “लोकांना वाटतं, ह्याला येड लागलं. एक जन बोलला, काका, गिझर इकताय काय?”

“कितवा?” मी विचारलं.

“त्रेचाळीस झाले,” हिरामण म्हणाला. “सात नंबर बंद हायत. त्यांच्या घरी जाऊन यायला लागेल.” फोन लागला तसा त्याने मला गप्प राहायची खूण केली.

“हॅलो, मी हिरामण, सीलंटवाला. वळखलं ना? तुमच्या बाथरूममधी गिझर कनचा हाय? विजेचा का गॅसचा?... नाय नाय, विकत नाय हो. तुमी फक्त सांगा.”

पलीकडचं माणूस उठून बघायला गेलं असावं. हिरामण वाट बघत राहिला, फोन दोन्ही हातांनी धरून. मग त्याचा चेहरा बदलला.

“कधी बसवला?... आनि पंख्याचं भोक आपन बंद केलेलं, तसंच हाय ना अजून?” तो उठून उभा राहिला, चार्जरची तार ताणून सुटली. “ऐका. खिडकीची काच काढून ठेवा, कशी पन काढा, फोडा. आज कोनी आत गिझर लावायचा नाय. घरात कोन कोन हाय, सगळ्यांना सांगा. आता सांगा, माझ्यासमोर सांगा, मला ऐकू येऊ दे. मी निघालो.”